पिस्ता गाडीच्या दोन दांड्या

२ मार्च, रविवार

सगळ्यात आधी उगवला तो तुफान! मला वाटलं दूधवाला, म्हणून मी तशीच, केस मोकळे, हातात फणी, दार उघडलं — तर हा उभा. काळा चष्मा, गळ्यात रुमाल, जणू आत्ताच विमानातून उतरलाय. "आजी, गाडी पोचली का?" म्हटलं, "बाबा, आधी तू तर आत पोच." खरं नाव मी विचारलं नाही. जुन्या गाड्यांच्या मंडळात सगळे त्याला तुफानच म्हणतात. तुफान आला मात्र बसने. स्वतःच्या गाडीचं इंजिन वर्षभर उघडून ठेवलंय म्हणे, परत जोडताच येत नाही.

मग टेम्पो आला आणि टेम्पोवर बसून गाडी! बाई गं, काय ते रूप! इटालीची, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची. दोनच माणसांची. रंग पिस्त्याचा. पुढचे दिवे असे की आत्ता डोळे मिचकावेल. टेम्पोत पुढे दातांचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई. डॉक्टर म्हणजे माझी कवळी बसवली तेच. हे गिऱ्हाईक मी आणलंय, उगाच नाही! त्यांच्या खुर्चीत तोंड आ करून पडले होते तरी बोलत होते — माझी नात इंजिनं उघडते, तुमची काही असेल तर सांगा. ते म्हणाले, आजी, तोंड मिटू नका. मी कुठली मिटतेय!

चहा झाला. बिस्किटं झाली. डॉक्टरीणबाई माणूस चांगल्या, पण गाडीचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठी. तुफान एकटाच बोलत होता. ठिणगी मात्र गाडीच्या पोटात डोकं घालून.

ठिणगी म्हणजे माझी नात. मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात होती. तिथे तिला बिलं करायला काउंटरवर बसवलं, म्हणून सोडून आली. तिला आमच्या मागच्या शेडमध्ये स्वतःचं गॅरेज घालायचंय. आणि माझा मुलगा, तिचा बाप, शेड देतोय खोकेवाल्याला. पुठ्ठ्याची रिकामी खोकी भरून ठेवायला! एक एप्रिलपासून. खूप वादावादी झाली, शेवटी म्हणाला, "महिनाअखेरीपर्यंत एक गाडी स्वतःच्या हाताने नीट करून गिऱ्हाईकाला दे. मग बघू. नाहीतर एक तारखेला खोकी."

मग बघू — हे त्याच्या वडिलांचंच. ते 'मग बघू' म्हणाले की समजायचं, नाही.

३ मार्च, सोमवार

आज ठिणगीने मला समजावलं काय करायचंय ते. मी भाजी निवडत होते, ती पायरीवर बसली.

इंजिनात दोन दांड्या असतात. कॅमशाफ्ट. दांडीवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडी फिरली की उंचवटा झडपेला दाबतो, झडप उघडते. एका दांडीने इंजिन श्वास घेतं, दुसरीने सोडतं. एवढंच! म्हटलं, मग बिघडलंय काय? तर उंचवटे झिजलेत. झडप पुरती उघडत नाही. गाडीला दम लागतो.

आता नुसत्या पूर्वीसारख्या दांड्या घालायच्या तर सोपं. पण डॉक्टरांना हवीय थोडी जास्त ताकद. "पूर्वीपेक्षा जरा तडफदार," म्हणाले. आणि खर्च मात्र बेताचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, डॉक्टरांचं बरं भरलंय, तरी हात आखडताच! ठिणगी म्हणाली, "आजी, तसं नाही. त्यांनी बाईंना शब्द दिलाय, एवढंच लावीन, याउपर नाही."

तुफानचं म्हणणं, शर्यतीच्या दांड्या मागवा. परदेशातून. नव्या कोऱ्या. मोठे उंचवटे. "वाघ होईल वाघ!" ठिणगी म्हणते, त्या दांड्या घातल्या की स्प्रिंगा बदला, कार्बुरेटर बदला, आणखी काय काय बदला. नाकापेक्षा मोती जड.

दुसरा रस्ता भंगार बाजाराचा. त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीच्या दांड्या बसतात म्हणे.

तिसरा रस्ता, आपल्याच दांड्या घासून घ्यायच्या. म्हटलं, अगं वेडे, घासून उंचवटा कमी होईल का जास्त? ती हसली. "खालचा गोल भाग घासायचा. टेकडीच्या भोवतीची जमीन खणली की टेकडी उंच दिसते ना?" हे मात्र लगेच पटलं. मग जी फट राहील तिथे जाड चकत्या घालायच्या.

भाजी तशीच राहिली. सूनबाईने निवडली. देठ जरा जोरात मोडत होती.

५ मार्च, बुधवार

ठिणगी भंगार बाजारात जाऊन आली. दांड्या मिळाल्या, पण उंचवट्यांवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. परत ठेवून आली. विकणारा म्हणे, "ताई, फिरायला लागल्यावर कोण बघतंय?"

६ मार्च, गुरुवार

डॉक्टर आणि तुफान आले होते, ठरवायला. तुफानने मोबाइलवर शर्यतीच्या गाडीचा आवाज ऐकवला. आमची मांजर पलंगाखाली गेली ती अजून आलेली नाही. डॉक्टरांचे डोळे मात्र असे चमकले! म्हटलं झालं, आता हे वाघ आणतात. आणि वाघाचं सामान यायलाच महिना जाणार! ठिणगीचा चेहरा उतरला. पण गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणायचं? ती नखातलं काळं काढत बसली.

मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी आल्यागेल्याला विचारतेच, कुठून आलात, कुठे जाणार. सवय! तसं विचारलं, "डॉक्टर, गाडी नीट झाली की जाणार कुठे?"

"कुठे म्हणजे... रविवारी सकाळी. टेकडीवर. बायकोला घेऊन."

"वाटेत सिग्नल किती?"

"पुष्कळ. गावातूनच जावं लागतं."

तेवढ्यात ठिणगीने मान वर केली. म्हणाली, "डॉक्टर, खरं सांगू? मोठा घास घेणारं इंजिन हळू चालताना ठसकतं. शर्यतीच्या दांड्या घातल्या तर सिग्नलला गाडी थरथरणार. तुम्ही एकटे असाल तर मजा आहे. बाई शेजारी असतील तर..."

"तर तिचे दात वाजतील," डॉक्टर म्हणाले. "आणि माझे ती पाडेल!"

आम्ही सगळे हसलो. तुफानसुद्धा. मग डॉक्टर म्हणाले, पूर्वी आम्ही दोघं दर रविवारी जायचो. गेल्या वेळी टेकडीच्या मधल्या वळणावर गाडीने जीव सोडला, दोघांनी ढकलली. त्यानंतर ती बसत नाही. म्हणते, मी येते, पण बसने.

अगोबाई! म्हणून ती आठी!

ठरलं. आपल्याच दांड्या घासायच्या, उंचवटा थोडासाच वाढवायचा. चढावर ओढेल, सिग्नलला शहाण्यासारखी उभी राहील. अंथरूण पाहून पाय. तुफान जरा खट्टू झाला, पण घासून देणाऱ्या कारागिराचा पत्ता त्यानेच दिला. "माझ्याही तिथेच करायच्या होत्या," म्हणाला. होत्या!

मुलगा आल्यावर म्हटलं, बघ, ठरलंसुद्धा. तो म्हणाला, "ठरणं आणि होणं यात फरक असतो आई." चपला काढायच्या आधी!

७ मार्च, शुक्रवार

दांड्या घासायला गेल्या. ठिणगी त्या बाळासारख्या दुपट्यात गुंडाळून घेऊन गेली. दुपटं तिचंच, लहानपणचं.

१० मार्च, सोमवार

खोकेवाला शेड मोजायला आला. पायाने मोजतो. गाडीला वळसा घालून मोजताना पाय चुकला तर परत पहिल्यापासून. मी त्याला चहा विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला विचारला नसेल. संध्याकाळपर्यंत चुटपूट लागली.

१४ मार्च, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण! मीच!

सकाळी दांड्या आल्या. ठिणगी बाहेर गेली होती. तेलकट कागदात दोन पुडकी, एकाला लाल दोरा, एकाला पांढरा. मी सोडली. काय घासल्यात! तोंड दिसेल अशा. आता आमच्या घरात दोरा कधी फेकत नाहीत. मी दोन्ही दोरे सोडवले, पुसले, दोऱ्याच्या गुंड्याला गुंडाळले. दांड्या कापडावर शेजारी शेजारी ठेवल्या, नीट, जावा-जावा बसल्यासारख्या.

ठिणगी आली. "आजी, दोरे कुठायत?"

"गुंड्याला लावले की."

ती मटकन स्टुलावर बसली. लाल दोऱ्याची ती श्वास घेणारी, पांढऱ्याची सोडणारी. बाकी बघायला दोघी जुळ्या! मुलगा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "झालं. आता चिठ्ठ्या टाका." मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने पान उलटलं.

पोरीने कारागिराला फोन केला. तो म्हणाला, घेणारीचे उंचवटे किंचित जास्त आहेत, मोजा, कळेल.

मग बसली मोजत. घड्याळासारखं एक माप असतं, काट्याचं. दांडी हळूहळू फिरवायची, काटा वर चढतो, खाली येतो. प्रत्येक उंचवटा वेगळा. मी शेजारी बसून ती सांगेल ते आकडे भिंतीवर खडूने लिहीत होते. माझे आकडे मोठे येतात, भिंत पुरेना. घेणारी कुठली ते पहिल्या दोन उंचवट्यांतच कळलं. मी म्हटलं, सुटले! पण ठिणगी म्हणाली, एवढं मांडलंयच तर सगळे मोजू.

आणि शेवटचा — काटा चढलाच नाही पुरता. परत फिरवला. परत तिथेच. घेणारीचा शेवटचा उंचवटा बाकीच्यांपेक्षा कमी! खालची बाजू घासायची राहिली होती.

"आजी," ती म्हणाली, "हे तसंच बसवलं असतं तर इंजिनाच्या एका घराचा, सिलिंडरचा, श्वास कमी पडला असता. मी महिनाभर कारण शोधत बसले असते."

"मोजणार होतीस ना तशीही?"

"एखाददुसरा मोजला असता गं. सगळे नसते मोजले."

म्हणजे माझ्या दोऱ्याने... नको, उगाच शेफारायला नको. दांडी परत पाठवावी लागणार. म्हणजे पुन्हा आठवडा. आणि महिना पुढे पळतोय.

१५ मार्च, शनिवार

मुलगा म्हणाला, "डॉक्टरांना काही सांगू नको. किरकोळ उशीर म्हण." ठिणगी म्हणाली, "खरं तेच सांगणार." दोघं स्वयंपाकघरात, आवाज चढलेले. सूनबाईने मध्ये कढई ठेवली, धाडकन.

ठिणगीने माझ्यासमोर फोन लावला. सगळं सांगितलं. घासण्यात चूक राहिली, मी मोजताना सापडली, आठवडा जाईल. गाडी परत नेतो म्हणाले तर? संपलंच सगळं.

डॉक्टर मोठ्याने हसले, मला इथपर्यंत ऐकू आलं. "अगं, दातावरची कॅप लॅबमधून आली आणि बसली नाही तर मीही परत पाठवतो! जो डॉक्टर ती ठोकून बसवतो, त्याच्याकडे जाऊ नये. पाठव तू."

फोन ठेवून तिने माझा गालगुच्चा घेतला. काळ्या हाताने! दिवसभर तशीच फिरले. शेजारची मास्तरीण म्हणाली, दृष्टीची तीट का? म्हटलं, हो, लागेल कुणाची तरी!

२१ मार्च, शुक्रवार

दांडी आली. मी हात लावला नाही. लांबून बघितली. दोरा तसाच.

सगळे उंचवटे पुन्हा मोजले. बरोबर!

२५ मार्च, मंगळवार

चकत्या. चकत्या. चकत्या. एक घालते, फट बघते, काढते, दुसरी घालते. जेवणाला हाक मारली तर म्हणे, "एवढी एक." एवढी एक म्हणत ताट गार झालं. डॉक्टर येऊन बघून गेले. त्यांना फार आवडलं. "आम्ही कागद चावायला देतो ना, कुठे टेकतंय ते बघायला, तसंच हे!" दोघं मग दातांवर आणि झडपांवर इतकं बोलले, की मला माझी कवळी काढून ठेवावीशी वाटली.

बाई आल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाले, "ती म्हणते, चालू झाली की फोन करा."

२७ मार्च, गुरुवार

काय दिवस! लिहिताना अजून कानात घोंघावतंय.

सकाळी ठिणगीने घरात सगळ्यांना बजावलं. नव्या घासलेल्या दांड्या असल्या की पहिल्यांदा इंजिन हळू चालवायचं नसतं. सुरू झालं की चांगलं जोरात ठेवायचं, थांबवायचं नाही, तेव्हा कुठे उंचवटे आणि झडपा एकमेकांना सरावतात. मध्येच हळू केलं तर उंचवटे खरवडून निघतात, सगळी मेहनत पाण्यात. मी म्हटलं, म्हणजे नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सगळं घर कामाला लावायचं! सूनबाई म्हणाली, "मला तसंच लावलं होतं." आता हे मध्येच कुठून निघालं!

चावी फिरवली. कुर्र कुर्र. काही नाही. परत. काही नाही. ठिणगीच्या ओठावर घाम. तिसऱ्यांदा खोकली, ठसकली, निळा धूर सोडला आणि — पेटली!

आवाज असा की पत्रे थडथडू लागले. मास्तरीण धावत आली, दोन्ही कानांत बोटं. मागून तिचे मालक. मग मुलगा. त्याची आज घरूनच काम करायची पाळी, फोनवर साहेब होते म्हणे. लालेलाल! "हळू कर! हळू कर आधी ते!"

"हळू नाही करता येत, बाबा!"

"लोक जमलेत बाहेर!"

"जमू देत! आता हळू केलं तर मेलं सगळं!"

बापासमोर इतक्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती. पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलवला नाही तिने. डोळे सगळे काट्यांवर. एक काटा चढत चालला होता. "तापतेय," ती पुटपुटली. "आजी, वारा कमी पडतोय गं." मी पदराने वारा घालायला लागले! काय करू, सुचेना.

मुलगा तिथेच उभा. बघत राहिला. पोरीकडे, काट्याकडे. मग वळला आणि निघून गेला. म्हटलं, गेला हा रागावून.

तर आला! बैठकीतला मोठा उभा पंखा उचलून, वायर मागे फरपटत, चपला न घालता! गाडीच्या तोंडासमोर पंखा ठेवला, जोर पूर्ण केला, आणि स्वतः धरून उभा राहिला, पंखा थरथरून पुढे सरकत होता म्हणून. शेवटपर्यंत. काटा थांबला. मग जरा खाली आला.

ठिणगीने पाय उचलला तेव्हा इंजिन कसं गुरगुरत बसलं! मांजर उन्हात बसते तसं. मुलाने विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." तो पंखा उचलून आत गेला. साहेबांना काय सांगितलं कुणास ठाऊक.

शेडबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. पण मास्तरणीच्या मालकांनी जाता जाता ठिणगीला विचारलं, स्कूटर बघशील का?

२९ मार्च, शनिवार

आज सगळ्यात आधी आल्या त्या बाई! बसने. डॉक्टर मागून. तुफान आणखी मागून, त्याची बस चुकली.

बाई गाडीपाशी उभ्या राहिल्या. बसेनात. ठिणगी म्हणाली, "बाई, मी करून बघितलंय. काल टेकडीवर दोनदा नेली. मधल्या वळणावर मुद्दाम थांबवली आणि तिथूनच परत उचलली." बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग पर्स माझ्या हातात दिली आणि बसल्या. गेली गाडी. कोपऱ्यावरून आवाज जाईपर्यंत आम्ही फाटकात.

मग वाट बघणं आलं. ठिणगी एकच पाना पुसत होती, चकचकीत होता तरी. मुलगा उगीच फाटकाची कडी तपासत होता. कडीला काही झालेलं नाही!

आली! पिस्ता गाडी, काचा खाली, बाईंचे केस सगळे उडालेले. उतरल्या त्या सरळ ठिणगीपाशी. "त्या वळणावर कुरकुर म्हणून नाही गं!"

मी विचारलं, "गाडीची का डॉक्टरांची?"

"दोघांचीही!"

डॉक्टरांनी ठिणगीशी हात मिळवला, मग मुलाशी. "तुमच्या मेकॅनिकचे हात फार चांगले आहेत," म्हणाले. मुलगा नुसता हं म्हणाला. तुफान ठिणगीला बाजूला घेऊन विचारत होता, उघडलेलं इंजिन आणून टाकलं तर जोडशील का. तिने शेडकडे बघितलं फक्त. काय सांगणार, सोमवारनंतर हिला जागा कुठाय?

गाडी नेली त्यांनी. शेड किती मोठी दिसते मोकळी!

३१ मार्च, सोमवार

खोकेवाला किल्ली न्यायला आला. मी आतल्या दाराशी, कान लावून.

मुलगा म्हणाला, "शेड गेली."

"गेली? कुणाला दिलीत?"

"एका मेकॅनिकला."

'माझ्या मुलीला' असं नाही म्हणाला. मेकॅनिकला!

ठिणगी मागे हत्यारं पोत्यात भरतेय, तिला पत्ता नाही. आता उठते आणि पोतं उपडं करायला सांगते. डॉक्टर, बाई आणि तुफान येत्या रविवारी, सहा तारखेला परत येतो म्हणालेत — तुफान इंजिन घेऊन, टेम्पोने.